पाच हजार स्टेडिया

सेकंड इयरचं सर्व्हेइंगचं पहिलं प्रॅक्टिकल आठवतंय का? (सिव्हिलवाल्यांना विचारतोय, बाकीच्यांनी नुसतं ऐकून घ्या.) आम्हाला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी थिओडोलाइट हातात मिळणार, डोक्यावर हेल्मेट, एकदम साइट इंजिनिअर! प्रत्यक्षात सरांनी सांगितलं, मेन गेटपासून वर्कशॉपपर्यंत चालत जा आणि पावलं मोजा. बस्स. बॅचमध्ये वीस जण, उत्तरंही वीस. एकाची ४१२ पावलं भरली, एकाची ३७९, आणि एक जण मध्येच मोबाइलवर बोलत बसला म्हणून आकडाच विसरला. त्याने शेजारच्याचा आकडा उतरवून घेतला हे वेगळं सांगायला नकोच.

हे प्रॅक्टिकल मी विसरूनही गेलो होतो. पण माझ्या रूममेटचा मामा इजिप्तमध्ये आस्वानजवळच्या सोलर प्लँटवर कामाला आहे आणि त्याची बदली अलेक्झांड्रियाला होणार असं कळलं. मग काय, भाच्याने लगेच कॉम्प्युटरवर दोन्ही शहरांची नावं टाकली. अर्ध्या सेकंदात उत्तर. सरळ रेषेत साधारण ८४० किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेच्या आसपास जातं. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर थेट विमानाला साधारण दीड तास. कैरोला विमान बदलावं लागलं तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा. रेल्वेने नाईलच्या काठाकाठाने गेलात तर हेच अंतर अकराशे किलोमीटरच्या घरात जातं.

आता प्रश्न असा, की हे ८४० आले कुठून? इतक्या लांब कोणी टेप तर धरली नाही. कॉम्प्युटर दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेतो, गोलावरच्या त्रिकोणमितीचं एक सूत्र लावतो आणि शेवटी पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६३७१ किलोमीटरने गुणतो. मग ही त्रिज्या कुठून आली? इथे खरी गंमत आहे. पृथ्वी केवढी हे मोजणारा, आणि ज्याची रीत आपल्यापर्यंत पोचली आहे असा, पहिला माणूस एरॅटोस्थेनिस. आणि त्याने ते मोजलं नेमकं याच दोन शहरांमधल्या अंतरावरून! आपण त्रिज्येवरून अंतर काढतो, त्याने अंतरावरून त्रिज्येकडे जायची वाट काढली. जीपीएस तर सोडाच, त्याच्याकडे साधी लोखंडी साखळीसुद्धा नव्हती.

पाठ्यपुस्तकात याच्यावर चार ओळी असतात. विहीर, काठी, सावली, संपलं. माणूस कोण होता हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

एरॅटोस्थेनिसचा जन्म इ.स.पू. २७६ च्या सुमाराचा, सायरिनी या गावचा. सायरिनी म्हणजे आजच्या लिबियातल्या शहात गावाजवळची ग्रीक वसाहत. हा ग्रीक पंडित आफ्रिकेत जन्मला, आफ्रिकेत नोकरी केली आणि आफ्रिकेतच वारला, हे आपल्या लक्षातच येत नाही. सायरिनी श्रीमंत होतं ते सिल्फियम नावाच्या एका वनस्पतीमुळे. औषध म्हणूनही चाले आणि स्वयंपाकातही. गावाच्या नाण्यांवर तिचं चित्र असायचं. पुढे ती वनस्पती नामशेष झाली आणि रोमन लोकांनी तिच्या जागी चक्क हिंगावर भागवलं. (आपल्या मेसच्या आमटीत कधीकधी तोही नसतो, पण तो विषय वेगळा.)

तरुणपणी तो अथेन्सला शिकायला गेला. तिथे एका गुरूकडे टिकून राहिला नाही. स्टोइक पंथाचा अॅरिस्टन, प्लेटोच्या अकादमीतला आर्केसिलॉस, जिथे काही नवीन ऐकायला मिळेल तिथे तो जाऊन बसायचा. दोनशे वर्षांनी स्ट्रॅबो नावाच्या भूगोलकाराने यावरून त्याच्यावर टीका केली आहे, की हा धड तत्त्वज्ञ होऊ शकला नाही. आपल्याकडेही मेकॅनिकलच्या पोराने नाटकात काम केलं की असेच बोलणारे भेटतात. एरॅटोस्थेनिसने कविता केल्या, जुन्या ग्रीक विनोदी नाटकांवर मोठा ग्रंथ लिहिला, ट्रॉयच्या पाडावापासून ग्रीक इतिहासाच्या तारखा लावल्या. होमरच्या काव्यातून भूगोल शिकायला जाऊ नये, कवीचं काम रंजन करायचं, हे त्याचं मत त्या काळात चांगलंच धाडसाचं होतं.

इ.स.पू. २४५ च्या सुमारास इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावून घेतलं. राणी बेरेनिकी सायरिनीचीच राजकन्या. गाववाल्याची ओळख तेव्हाही उपयोगी पडत असणार, असा आपला माझा अंदाज! काम दोन : राजपुत्राला शिकवायचं आणि अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय सांभाळायचं.

हे ग्रंथालय म्हणजे आपल्या कॉलेजसारखं दोन पुस्तकं पंधरा दिवसांसाठी देणारं नव्हतं. पॅपिरसच्या गुंडाळ्यांचं ते भांडार. गेलेन नावाच्या वैद्याने नंतर लिहून ठेवलं आहे, की बंदरात जहाज लागलं की राजाची माणसं जहाजावर जाऊन गुंडाळ्या शोधायची. मूळ प्रत ग्रंथालयात ठेवून घ्यायची आणि मालकाला नक्कल परत द्यायची. अथेन्सहून जुन्या नाटकांच्या मूळ प्रती नकलेसाठी मागवल्या, त्यापोटी पंधरा टॅलेंट चांदी अनामत भरली, आणि नंतर अनामतीवर पाणी सोडून मूळ प्रती ठेवून घेतल्या! लायब्ररीचा फाइन बुडवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

अशा जागी हा माणूस चाळीसेक वर्षं बसला. तिथे त्याला टोपणनाव पडलं, बीटा. ग्रीक वर्णमालेतलं दुसरं अक्षर. अर्थ असा, की प्रत्येक विषयात हा दुसरा. (आपल्याकडचा दोन नंबरवाला नव्हे, सेकंड रँकर!) भूमितीत आर्किमिडीज पहिला, काव्यात कॅलिमॅकस पहिला, तत्त्वज्ञानात तर रांगच. दुसरं टोपणनाव पेंटॅथ्लॉस, म्हणजे पाच खेळ खेळणारा, सगळ्यांत बरा पण एकाही खेळात अव्वल नाही असा खेळाडू. विद्वानांच्या कट्ट्यावरची ही चेष्टा आहे, आणि लागणारी आहे. गॅदरिंगला फिशपाँड पडतात ना, तशातली.

आता मोजणीकडे येऊ. पण आधी एक खुलासा. आस्वानचं त्या काळचं नाव सायीनी. सायरिनी हे त्याचं जन्मगाव आणि सायीनी हे दुसरंच, दोन्हींमध्ये हजार किलोमीटरच्या वर अंतर. व्हायव्हात गोंधळ नको म्हणून मी पुढे सरळ आस्वानच म्हणतो.

आस्वान इजिप्तच्या दक्षिण टोकाला, नाईलच्या पहिल्या धबधब्याशी. ग्रॅनाइटच्या खाणी तिथल्याच. आपल्याला हे नाव माहीत असतं ते १९७० साली पूर्ण झालेल्या हाय डॅममुळे. हे गाव कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी, तिथे सूर्य डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथल्या एका विहिरीत तळापर्यंत ऊन जातं असं प्लिनी आणि स्ट्रॅबो या लेखकांनी लिहिलं आहे. त्याच दिवशी, त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. एरॅटोस्थेनिसने ती वाटीसारख्या एका घड्याळात मोजली. अर्धगोल वाटी, मध्ये उभा शंकू. सावली पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी भरली. म्हणजे ७.२ अंश.

पुढचं गणित नववीचं. सूर्य इतका लांब की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात असं धरायचं. दोन्ही गावच्या काठ्या मनातल्या मनात खाली वाढवल्या तर पृथ्वीच्या मध्याशी भेटतात. समांतर रेषा आणि छेदिका आली की व्युत्क्रम कोन समान. म्हणजे मध्याशी होणारा कोनही वर्तुळाचा पन्नासावा भाग. म्हणजे अलेक्झांड्रिया ते आस्वान हे अंतर पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा हिस्सा. अंतर पाच हजार स्टेडिया, तर परीघ अडीच लाख स्टेडिया. झालं! यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की दोन गावांत एकाच वेळी माप घ्यायला फोन लागला नाही. दोन्ही गावं एकाच रेखावृत्तावर आहेत असं त्याने धरलं होतं, त्यामुळे दोन्हीकडे दुपार एकदमच. वर्षातला सर्वांत मोठा दिवस हीच दोघांची ठरलेली वेळ.

सगळेजण इथे थांबतात आणि टाळ्या वाजवतात. मी सिव्हिलचा असल्यामुळे असेल, पण माझं डोकं त्या पाच हजारांशी अडलं. कोन मोजायला एक वाटी आणि एक दुपार पुरते. अंतर कोणी मोजलं?

काही पुस्तकांत उंटांची गोष्ट असते, की उंट दिवसाला शंभर स्टेडिया चालतो आणि आस्वानला पन्नास दिवस लागतात म्हणून पाच हजार. या मोजणीचं सविस्तर वर्णन आज आपल्याला मिळतं ते क्लिओमिडीस नावाच्या नंतरच्या लेखकाकडून, आणि त्याच्या मजकुरात उंट नाहीत. खूप नंतरच्या मार्टियानस कपेलाने मात्र लिहिलं आहे, की टॉलेमी राजाच्या सरकारी मोजणीदारांकडून त्याला हे अंतर मिळालं. आणि हे पटतंही. इजिप्तमध्ये दरवर्षी नाईलला पूर यायचा, गाळाखाली शेतांचे बांध बुजायचे, पूर ओसरला की पुन्हा दोऱ्या ताणून हद्दी आखाव्या लागायच्या. सारा वसूल करायचा तर जमीन मोजलेली हवी. हजारो वर्षं मोजणी हाच ज्या देशाचा सरकारी उद्योग, तिथे तलाठ्यांची दप्तरं भरलेली असणारच. शिवाय अलेक्झांडरच्या फौजेबरोबर पावलं मोजणारे पगारी लोक असायचे, त्यांना बेमॅटिस्ट म्हणत. त्यांचं कामच ते, सारख्या लांबीची पावलं टाकत चालायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. मोबाइल नव्हता हे त्यांचं नशीब!

तरीही हे सोपं नव्हतं. नाईल सरळ वाहत नाही, केनापाशी तर भलामोठा वळसा घेते. काठाकाठाने मोजलेलं अंतर उपयोगाचं नाही, दक्षिणोत्तर सरळ अंतर हवं. म्हणजे वळणं वजा करणं आलं. आणि ते सगळं करून आकडा आला बरोब्बर पाच हजार. आमच्या जर्नलमध्ये असा गोल आकडा दिसला असता तर सरांनी लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं असतं. एरॅटोस्थेनिसलाही हे कळत असावं. क्लिओमिडीसच्या सांगण्यानुसार सावली न पडणारा पट्टा आस्वानपाशी तीनशे स्टेडिया रुंद धरला होता. आजच्या भाषेत हीच एरर बार! पुढे परिघाचा आकडा अडीच लाखांऐवजी २,५२,००० असा येतो. त्याला साठाने भाग जातो आणि ३६० नेही जातो, एका अंशाला बरोबर ७०० स्टेडिया पडतात. सोयीसाठी आकडा थोडा वळवला, असं दिसतं. आपण रीडिंग जुळवतो तसं म्हणू का? नाही, कारण त्याच्या मापाची अचूकताच दोन हजारांनी बिघडण्यातली नव्हती.

मग उत्तर कितपत बरोबर? स्टेडियन म्हणजे धावण्याच्या शर्यतीच्या मैदानाची लांबी. स्टेडियम हा शब्द तिथूनच आला. पण प्रत्येक शहराचं मैदान वेगळं. १५७.५ मीटरचा स्टेडियन धरला तर परीघ येतो ३९,६९० किलोमीटर. आजचा ध्रुवांवरून जाणारा परीघ ४०,००८. एक टक्क्याच्या आत! पण १८५ मीटरचा धरला तर ४६,६२०, म्हणजे सोळा टक्क्यांहून जास्त चूक. इंटरनेटवर एक टक्कावालं उत्तर छाती ठोकून सांगतात, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अभ्यासकांत हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या आर्यभटाचंही तसंच आहे. इ.स. ४९९ मध्ये त्याने पृथ्वीचा व्यास १०५० योजनं दिला, पण योजन म्हणजे नेमकं किती यावर सगळं अडतं. एककं लिहिली नाहीत तर मार्क कापतात, त्याचं कारण आता कळलं.

चुका मोजायच्याच तर मोजू. आस्वान कर्कवृत्तावर नाही, त्या काळी ते वृत्ताच्या चाळीसेक किलोमीटर उत्तरेला होतं. दोन्ही गावं एका रेखावृत्तावरही नाहीत, आस्वान सुमारे तीन अंश पूर्वेला आहे. म्हणूनच विमानाचं अंतर ८४० आणि नुसतं दक्षिणोत्तर अंतर ७९० च्या आसपास. पण दोन्हींच्या अक्षांशांतला खरा फरक किती? ७ अंश ७ मिनिटं. त्याचा कोन ७ अंश १२ मिनिटं. पाच मिनिटांची चूक, तीही वाटीतल्या सावलीवरून. आमच्या लॅबमधल्या थिओडोलाइटवर आमच्या बॅचने याहून मोठी चूक करून दाखवली आहे.

आस्वानच्या पुढे, आजच्या सुदानमध्ये, मेरोई नावाचं शहर होतं. एरॅटोस्थेनिसच्या हिशेबात अलेक्झांड्रियापासून ते दहा हजार स्टेडियांवर, म्हणजे आस्वान बरोबर मध्यावर. फिलो नावाच्या एका प्रवाशाने नोंदवलं होतं, की मेरोईत सर्वांत मोठ्या दिवसाच्या ४५ दिवस आधीच सूर्य डोक्यावर येतो. हे वाचून मी पंचांग काढलं. २१ जूनच्या आधी ४५ दिवस म्हणजे ७ मे. मेरोईचा अक्षांश १७ अंशांच्या किंचित खाली. आणि माझी सांगली? ती पण जवळजवळ त्याच अक्षांशावर! आमच्याकडेही मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. सुट्टीत घरी असताना गच्चीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा ओळंब्याला लावून उभा केला. पावणेबाराला वळिवाचे ढग आले ते दोनपर्यंत हटले नाहीत. आईने पापड आत घेतले आणि मी पाइप. इजिप्तला ही अडचण नाही, आस्वानला पाऊस जवळपास पडतच नाही. प्रयोगासाठी जागा निवडायची ती अशी!

या सगळ्या अंतरांचा त्याने मोठा उपयोग केला. जिऑग्राफी हा शब्द त्याच्या ग्रंथामुळेच रूढ झाला. तीन भागांच्या त्या ग्रंथात त्याने जगाचा नकाशा रेषा आखून मांडला. त्यात आपला भारतही आहे, समभुज चौकोनासारखा थोडा तिरपा. आणि पाटलीपुत्रापर्यंतच्या राजमार्गाची लांबी आहे, दहा हजार स्टेडिया. तो काही पाटण्याला आला नव्हता. मेगॅस्थिनिससारख्या लोकांची वर्णनं, फौजांचे हिशेब, खलाशांच्या नोंदी ग्रंथालयात पडून होत्या. तो ते वाचायचा, एकाला दुसऱ्याशी ताडून बघायचा, खोटं वाटलं ते टाकायचा. बीटा म्हणून हिणवलेल्या माणसाला हे जमलं. एका विषयातल्या अव्वल माणसाला तलाठ्याचं दप्तर आणि सावलीची भूमिती एकाच टेबलावर ठेवायचं सुचलं असतं का, मला शंका आहे.

आणि ज्याला सगळे अल्फा मानत, त्या आर्किमिडीजला मात्र बीटाची किंमत कळली होती. आपले शोध आपल्याला आधी कसे सुचले, सिद्धता नंतर कशी दिली, हे गुपित सांगणारा आपला ग्रंथ आर्किमिडीजने सिसिलीहून लिहून पाठवला तो एरॅटोस्थेनिसलाच. तो ग्रंथ पुढे हरवला आणि १९०६ साली इस्तंबूलमध्ये एका प्रार्थनेच्या पुस्तकात, खरवडलेल्या अक्षरांच्या खाली, पुन्हा सापडला. पत्र पाठवावं असं वाटणारा वाचक मिळणं, हीदेखील पदवीच झाली की.

मूळ संख्या काढायची त्याची चाळणी तुम्ही प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या सेमिस्टरला लिहिली असेलच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. घनाची दुप्पट करायचं त्याचं यंत्र मात्र मेकॅनिकलवाल्यांनी बघावं. सरकत्या पट्ट्यांचं साधन; दोन लांबींच्या मध्ये दोन मध्यमपदं काढून देतं, म्हणजे घनमूळ मिळतं. उपयोग काय? दगडफेकीची यंत्रं. दुप्पट वजनाचा दगड फेकायचा तर यंत्राचे भाग दुप्पट करून चालत नाही, १.२६ पट करावे लागतात, दोनचं घनमूळ. त्याने याची काशाची प्रतिकृती करून देवळात अर्पण केली आणि सोबत राजाच्या नावाने कविताही जोडली. प्रोजेक्टच्या शेवटी आभार मानतो तसं!

आता त्या परिघाच्या आकड्याचं पुढे काय झालं ते सांगतो. पॉसिडोनियसने नंतर ऱ्होड्स ते अलेक्झांड्रिया हे अंतर आणि एक तारा घेऊन असंच माप केलं, पण मध्ये समुद्र, तिथे पावलं कोण मोजणार? त्याच्या नावावर एक लहान आकडा चालत आला, १,८०,००० स्टेडिया. तोच भूगोलकार टॉलेमीने घेतला (हा राजा नव्हे, चारशे वर्षांनंतरचा) आणि टॉलेमीचा शब्द म्हणजे युरोपला वेदवाक्य. १४९२ साली कोलंबस निघाला तेव्हा त्याच्या हिशेबात पृथ्वी खऱ्यापेक्षा सुमारे चतुर्थांशाने लहान होती. त्याला विरोध करणारे पंडित पृथ्वी सपाट म्हणत होते ही दंतकथा. ती बरीच मोठी आहे, पाणी-शिधा पुरणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. मध्ये अमेरिका आली म्हणून खलाशी वाचले.

मोजायची रीत मात्र टिकली. कमान मोजा, कोन मोजा. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साखळ्यांनी पायारेषा मोजून हेच काम भारतात सुरू केलं आणि मोजत मोजत उत्तरेला येताना १८२३ साली तो वारला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. सिव्हिलची ट्रिप एकदा तिकडे काढायला हवी, दरवेळी धरणच कशाला?

राहिला तो माणूस. ज्या राजपुत्राला त्याने शिकवलं तो चौथा टॉलेमी म्हणून इ.स.पू. २२१ च्या सुमारास गादीवर आला. या विद्यार्थ्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच राजाची आई आणि भाऊ मारले गेले. दरबार खुशमस्कऱ्यांच्या हातात गेला. २१७ साली राफियाच्या लढाईसाठी माणसं कमी पडली म्हणून राजाने वीस हजार इजिप्शियन शेतकऱ्यांना भाले दिले. लढाई जिंकली. पण पॉलिबियस हा इतिहासकार म्हणतो, की तिथून त्या लोकांना आपल्या ताकदीची जाणीव झाली. सारा भरणारे, हद्दीच्या दोऱ्या ओढणारे हेच लोक. इ.स.पू. २०५ च्या सुमारास दक्षिणेत उठाव झाला आणि थीब्जला त्यांनी आपला स्वतःचा फेरो बसवला. अलेक्झांड्रियाहून आस्वानला जाणारा रस्ता मध्येच तुटला. ज्या पट्ट्यातून सरकारी मोजणीदार पावलं मोजत गेले होते, तिथे आता सरकारी माणूस जाऊ शकत नव्हता.

ग्रंथपाल तेव्हा सत्तरी ओलांडलेला. राजा मेला, त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा गादीवर आला, दरबारात पुन्हा खून पडले. एरॅटोस्थेनिस ग्रंथालयातच होता. आणि मग त्याची दृष्टी गेली. लाखो गुंडाळ्यांच्या मध्ये बसलेला, आणि एकही वाचता येत नाही. जुन्या नोंदी सांगतात, की त्याने अन्न सोडलं. वय ऐंशीच्या आसपास, साल इ.स.पू. १९४ च्या सुमाराचं. त्याच्या जन्मगावापासून अलेक्झांड्रिया सरळ रेषेत पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याने मोजलेल्या अंतराएवढंच जवळजवळ. परत गावी गेला असं कुठे लिहिलेलं नाही.

पृथ्वीच्या मोजणीवरचा त्याचा मूळ ग्रंथ हरवला. थीब्जचा उठाव मोडला इ.स.पू. १८६ मध्ये. म्हणजे तो गेल्यावर आस्वानचा रस्ता पुन्हा सरळ खुला व्हायला आठेक वर्षं लागली.